पाऊस परतल्यानंतरचा दुष्काळ

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीच्या लाटांनी तामिळनाडूचा किनारा झोडपला. लाटा काही तासांत ओसरल्या. परंतु नागपट्टणम परिसरातील शेतांत व विहिरींत शिरलेले खारे पाणी पुढेही पिकांना बाधत राहिले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जालना जिल्ह्यावर येणारी आपत्ती अवर्षणाची. तिचाही असाच उत्तरकाळ असतो. पण पहिला पाऊस पडला की आपण तिची नोंद बहुधा बंद करतो.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात धान्याची तीव्र टंचाई होती. २०१२-१३ मध्ये बाजारात धान्य होते, पाणी नव्हते. धान्य बाहेरून आणता येते. झाडाच्या मुळाशी टँकर किती दिवस नेणार? अंबड, घनसावंगी, बदनापूर या मोसंबीच्या पट्ट्यात शेतकऱ्यांनी विकतचे पाणी घातले, फांद्या छाटून खोड जगविण्याचा प्रयत्न केला. तरीही मोठ्या प्रमाणावर बागा वाळल्या आणि त्यांवर कुऱ्हाड चालवावी लागली. ज्वारी गेली तर पुढील हंगामात पुन्हा पेरता येते. मोसंबीचे नवे कलम किफायतशीर उत्पन्न देऊ लागण्यास मात्र पाच-सहा वर्षे लागतात. त्यात २०१४ आणि २०१५ ही वर्षेही अपुऱ्या पावसाचीच गेली. कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. विकलेली बैलजोडी सहजी परत येत नाही. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबातील मुलाचे नाव हजेरीपटावर राहते, मूल वर्गात नसते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

भूगर्भातही हेच घडते. येथील काळ्या बेसाल्ट खडकात पाणी साठते ते मुख्यत्वे मुरमाच्या थरात व भेगांत. ही साठवण मुळातच थोडी. टंचाईत खोल विंधनविहिरींनी उपसलेले पाणी एका पावसाळ्यात भरून येईलच असे नाही.

जालना तालुक्यातील कडवंची गावाने १९९० च्या दशकात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे केली, पुढे शेततळी घेतली. २०१२-१३ मध्ये तेथील द्राक्षबागा तगल्या. अनुकरण करताना कित्येक ठिकाणी केवळ शेततळेच उचलले जाते. विहिरीचे पाणी उपसून प्लास्टिकच्या अस्तरावर साठविणे म्हणजे जलसंधारण नव्हे. ते सामाईक पाण्याचे स्थलांतर होय, आणि उन्हाने होणारी वाफ वेगळीच. ग्रामपंचायतींनी दुष्काळ संपल्यावरही निदान पाच वर्षे विहिरींची पातळी, तुटलेल्या बागा, घटलेली जनावरे आणि शाळेतील गळती यांची नोंद एकाच वहीत ठेवावी व ती ग्रामसभेत वाचावी.