निपचित राउटरचे पुनरुज्जीवन

पावसाळ्यात मुळशी खोऱ्यात वीज जाणे ही काही बातमी नव्हे. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्यावर घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होते. आमच्या वाडीत मात्र श्रावणातही कंदिलाची काच पुसून ठेवावी लागते. असो. गेल्या पावसाळ्यात ही वीज नेमकी नको त्या क्षणी गेली. घरच्या वायफाय राउटरमध्ये मी नवे फर्मवेअर चढवीत होतो. निम्म्याहून अधिक काम झाले असेल-नसेल, तोच अंधार झाला. वीज परतल्यावर राउटरचा एकच दिवा मिणमिणत राहिला. वायफायचे नाव दिसेना, सेटिंगचे पान उघडेना. "मेलं का रे ते?" आजीने विचारले. दुकानदारानेही तेच निदान केले आणि नवा घेण्याचा सल्ला दिला. वाडीत मोबाइलची रेंज नाही, परीक्षेच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर, आणि शेजारची तीन मुले याच राउटरच्या भरवशावर होती.

राउटर मेला नव्हता. कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही याचे कारण सहज समजण्यासारखे आहे. राउटर हा एक छोटा संगणकच. त्याला चालविणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, फ्लॅश नावाच्या स्मृतीत साठविलेला असतो. आमच्या राउटरची ही स्मृती अवघी ४ मेगाबाइट. तिच्यात नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसावे लागते आणि ते अक्षर-अक्षर पुसता येत नाही, ६४ किलोबाइटचा ठोकळाच्या ठोकळा पुसावा लागतो. मध्येच वीज गेली की काही ठोकळे नवे, काही कोरे, काही जुने अशी खिचडी उरते.

परंतु या स्मृतीच्या अगदी आरंभी १२८ किलोबाइटची एक जागा असते आणि नेहमीच्या अपग्रेडमध्ये तिला सहसा हात लागत नाही. तेथे बूटलोडर राहतो. वाडा आतून ढासळला तरी देवडीवरचा पहारेकरी जागेवर असावा, तसा हा. वीज येताच सर्वांत आधी तोच उठतो, फर्मवेअर धड आहे की नाही ते तपासतो आणि मगच कारभार त्याच्या हाती देतो. पुष्कळ राउटरांत यासाठी जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांनी सुरू केलेला 'यू-बूट' हा प्रोग्रॅम वापरतात. आपल्याला गाठायचे ते या पहारेकऱ्याला, आणि तो उठल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांतच.

त्याची भाषा टीएफटीपी. फाइल पोचविण्याची ही पद्धत १९८१ पासूनची. तिच्यात संकेतशब्द नाही, फाइलींची यादी नाही. ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवावा, पोच आली की पुढचा पाठवावा, एवढाच व्यवहार. म्हणूनच ती बूटलोडरच्या इवल्याशा जागेत मावते.

येथे माझी पहिली संध्याकाळ वाया गेली. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी-५४-जी या एके काळच्या गाजलेल्या राउटरमध्ये बूटलोडर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर वाट पाहतो आणि आपण संगणकावरून फाइल त्याच्याकडे ढकलायची असते. मीही तेच करीत बसलो. आमच्या राउटरची रीत नेमकी उलटी होती. तो स्वतःच १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरच्या संगणकाकडे ठरावीक नावाची फाइल मागतो. मी देत होतो आणि तोही मागत होता, पण दोघांची गाठ पडत नव्हती!

दुसऱ्या दिवशी पौडला जाऊन योग्य फाइल पेनड्राइव्हवर आणली. तिला राउटरला हवे होते तेच नाव दिले. मॉडेलबरोबर आवृत्तीचा आकडाही जुळावा लागतो. तो राउटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर असतो. संगणकाला तो पत्ता दिला, फायरवॉल बंद केली, टीएफटीपी सर्व्हर चालू केला. राउटर उठताना केबलची जोडणी क्षणभर तुटते आणि तेवढ्यात संगणक गोंधळतो; म्हणून दोहोंच्या मध्ये एक साधा स्विच ठेवला. मग टाचणीने रीसेटची कळ दाबून धरली आणि वीज दिली. सात-आठ सेकंदांत पडद्यावर फाइल मागितल्याची ओळ उमटली. तुकडे जाऊ लागले. त्यानंतर लिहून होईपर्यंत चार-पाच मिनिटे कशालाही हात लावायचा नसतो, आणि खरे सांगायचे तर ती मिनिटे मला सर्वांत जड गेली, कारण बाहेर पाऊस कोसळतच होता. अखेर राउटर आपोआप पुन्हा सुरू झाला, एकामागून एक दिवे लागले. मुलांचे अर्ज त्याच रात्री गेले.

बूटलोडर फाइल मागतच नसेल, तर राउटर उघडून आतल्या सीरियल टोकांना तारा जोडाव्या लागतात. तीनच जोडायच्या: जमीन, पाठवणे, घेणे, विजेचे चौथे टोक मोकळे ठेवायचे. ही टोके बहुधा ३.३ व्होल्टची असतात, संगणकाच्या जुन्या सीरियल पोर्टला थेट जोडल्यास जळतात. आणि कोणी संपूर्ण फ्लॅश पुसण्याचा सल्ला दिला तर ऐकू नये. आमच्यासारख्या राउटरांत शेवटच्या ६४ किलोबाइटमध्ये त्या एकाच यंत्राच्या रेडिओची कारखान्यात केलेली जुळणी लिहिलेली असते. ती दुसऱ्या कुठल्याही फाइलमध्ये मिळत नाही.