युग्मन : दोन लोलक आणि विहिरीवरचा पंप

वसतिगृहाच्या विहिरीवर मोटर आणि पंप एकाच लोखंडी चौकटीवर समोरासमोर बसविलेले आहेत. दोहोंचे शाफ्ट वेगळे; त्यांना जोडणाऱ्या भागाला कारागीर ‘कपलिंग’ म्हणतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात त्यालाच ‘युग्मन’ असा प्रतिशब्द भेटतो आणि विद्यार्थ्यांना हे दोन निराळे विषय वाटतात. आम्हांस तसे वाटत नाही. एकाची गती दुसऱ्यापर्यंत पोहोचू शकेल असा दुवा दोहोंमध्ये असणे, एवढाच दोन्हीकडे अर्थ आहे. तो दुवा किती घट्ट असावा, हा खरा प्रश्न.

दोन खुर्च्यांच्या पाठींमध्ये सुतळी आडवी ताणावी. तिला २५ सेंटिमीटर लांबीचे दोन सारखे लोलक बांधून एकालाच, सुतळीशी काटकोनात, झोका द्यावा. थोड्या वेळाने तो मंदावतो आणि स्थिर असलेला दुसरा झुलू लागतो. पहिला जवळजवळ थांबतो आणि मग सारा प्रवास उलट घडतो. ऊर्जा सुतळीच्या सूक्ष्म हालचालीतून जाते. म्हणून सुतळी जितकी ताणलेली, तितके युग्मन दुर्बळ आणि देवाणघेवाण संथ. लोलकांची लांबी असमान केल्यास ऊर्जा पूर्णपणे हस्तांतरित होत नाही. मात्र दोन्ही लोलक एकाच वेळी एकाच दिशेने, किंवा बरोबर विरुद्ध दिशांनी, सारख्याच झोक्याने सोडले, तर देवाणघेवाण होतच नाही. या दोन रीतींची आंदोलने मिनिटाला ६० आणि ६३ भरली, तर एकट्याला दिलेला झोका १० सेकंदांत दुसऱ्याकडे जाईल आणि २० सेकंदांत परत येईल. मुलांनी घड्याळ लावून पाहावे.

१६६५ साली क्रिस्तियान हायगेन्स आजारी असताना त्याला असेच काही दिसले. एकाच आधाराला टांगलेल्या त्याच्या दोन घड्याळांचे लोलक विरुद्ध दिशांनी, पण अचूक एका तालात झुलत होते. प्रथम त्याला हवेचा संशय आला. पुढे त्याने कारण आधाराच्या न दिसणाऱ्या हालचालीत शोधले.

येथे प्रतीत्यसमुत्पादाचे नाव घेण्याचा मोह होतो. परंतु तो दुःखाच्या कारणांचा विचार आहे आणि हे मोजता येणारे बल आहे. त्यांची गल्लत आम्ही करणार नाही.

आता पुन्हा विहिरीकडे. दोन शाफ्ट तंतोतंत एका रेषेत कधीच बसत नाहीत; केसभर अंतर किंवा किंचित कोन राहतोच. कपलिंगमधील रबरी बुश दाबला जाऊन तेवढी चूक सामावून घेतो. एका उन्हाळ्यात हे बुश झिजले आणि नवे मिळेपर्यंत आम्ही पिनांभोवती पत्रा गुंडाळून काम भागविले. पाणी आले. परंतु १४४० फेऱ्यांची मोटर म्हणजे सेकंदाला २४ वेळा शाफ्टला वाकविणारा ताण. आठवड्याभरात पंपाचे बेअरिंग हात लावू नये इतके तापून निकामी झाले. ते बदलेपर्यंत मुलांनी पाणी शेंदून काढले. दोष सर्वस्वी आमचा होता.

रबर आहे म्हणून शाफ्ट कसेही बसवावेत, असेही नव्हे. अशाने बुश लवकर झिजतात. फ्यूज काढून, कपलिंगवर वर, खाली आणि दोन्ही बाजूंनी पोलादी पट्टी टेकवावी. जेथे पट्टीखाली फट दिसेल, तेथे मोटरच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवून किंवा मोटर बाजूला हलवून ती घालवावी. दोन चकत्यांमधील अंतर चारही ठिकाणी सारखे आहे, हेही पाहावे. बोल्ट आवळल्यावर दोन्ही मोजणी पुन्हा कराव्यात, कारण आवळताना मोटर हलते.