बोअरच्या पाण्यात पावडर पुरेना

प्रश्न : घरी बोअरचं पाणी आहे. कपड्यांची पावडर कितीही आणली तरी पुरत नाही. काय करावं?

उत्तर : ताई, दोष पाण्याचा आहे. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बरीचशी पावडर वाया घालवतात. बादलीभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) आधी विरघळवा, मग नेहमीच्या निम्मी पावडर टाकून बघा. रेशमी-लोकरी कपड्यांना मात्र सोडा लावू नका, आणि हातांनाही जपा. कॉलर, बाह्यांच्या कडा यांना भिजवण्याआधीच साबणाची वडी घासा. पावसाळ्यात पागोळ्यांचं स्वच्छ पाणी धरलंत तर सोडाही लागणार नाही. फेसासाठी पावडर वाढवू नका. शेवटच्या खळबळण्यातही फेस येत असेल, तर ती जास्तच झाली आहे.