अन्न सुरक्षा अधिकारी आले तर घाबरायचं कशाला?



ग्रामसंघाच्या बैठकांना फिरताना खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्या गटांकडून एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, ते फूडवाले साहेब आले तर काय करायचं? शटर ओढून घ्यायचं का?" मसाला, पापड, शेवया, लोणचं, दिवाळीचा फराळ, शाळेचा पोषण आहार, आठवडी बाजारातला भज्यांचा गाडा. आपल्यातल्या कितीतरी जणींचं घर या कामावर चालतं. म्हणून या वेळच्या पाठात हे अधिकारी कोण, ते येऊन नेमकं काय बघतात आणि त्या वेळी आपले हक्क कोणते, हे समजून घेऊ. एकीने मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी ऐका. शेवटी बैठकीत करायचं काम दिलं आहे.

हे अधिकारी कोण?

आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन नावाचं खातं आहे. त्यात काम करणाऱ्या अधिकाऱ्याला अन्न सुरक्षा अधिकारी म्हणतात. पूर्वी लोक 'फूड इन्स्पेक्टर' म्हणायचे. तेव्हा १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता, त्यामुळे सगळा भर भेसळ पकडण्यावर असायचा. पुढे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचे नियम लागू झाले. या कायद्यात भेसळीच्या जोडीला स्वच्छता, पाणी, साठवण, पॅकिंग आणि लेबल हे सगळं आलं. थोडक्यात, कुणी आजारी पडल्यावर धावत येण्यापेक्षा आजार होण्याआधीच चूक शोधणं हे या अधिकाऱ्याचं काम आहे.

अन्न जिथे तयार होतं, साठवलं जातं किंवा विकलं जातं, तिथे जाऊन तपासणी करण्याचा त्यांना कायद्याने अधिकार आहे. शटर ओढून घेणं, माल लपवणं, वाट अडवणं हा गुन्हा ठरतो. तसंच खोटा अधिकारी बनून येणं हाही गुन्हाच आहे. म्हणून कुणीही आलं तर आधी ओळखपत्र मागा. खरा अधिकारी त्याचा राग धरत नाही.

एवढी तपासणी कशासाठी?

१६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. तपासणीत अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. तेलाचा वास वेगळा येतोय, असं स्वयंपाक करणाऱ्या बाईने सांगितलं होतं, अशा बातम्या त्या वेळी आल्या होत्या.

आता आपल्या घराकडे बघा. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध असतंच. रिकामा झालेला चांगला कॅन टाकवत नाही, धुऊन ठेवला जातो. अधिकारी तपासणीला आले की औषधं, फिनेल, रॉकेल कुठे ठेवलं आहे हे आधी बघतात, ते याचसाठी. औषधाचा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, पाणी किंवा धान्य भरायचं नाही. त्याला भोक पाडायचं आणि बाद करायचं. आणि गटातल्या कुणीही "वास वेगळा येतोय" म्हटलं तर काम तिथेच थांबवायचं. ती नवीन सदस्य असो की अध्यक्ष, तिचं ऐकायचं.

ते काय काय बघतात?

एखादा मसाला गट डोळ्यांसमोर आणा. अधिकारी दारातून आत येतात तेव्हा त्यांचं लक्ष साधारण असं फिरतं.

नोंदणी. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं आहे का? छोट्या व्यवसायाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. २०११ च्या नियमांत यासाठी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल ही मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये फी ठरवली होती. अर्ज ऑनलाइन होतो. अर्ज भरण्याआधी आजची मर्यादा आणि फी विचारून घ्या. एजंट हजारो रुपये सांगत असेल तर आधी ग्रामसंघात बोला.

पाणी. हात, भांडी आणि पदार्थ यांना लागणारं पाणी पिण्याजोगं आहे का? विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर तपासून घ्या आणि अहवालाचा कागद जपून ठेवा. टीसीएल पावडर नेमकी किती टाकायची हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा.

कच्चा माल. मिरची जमिनीवर वाळते की ताडपत्रीवर? पोती भिंतीला टेकलेली आहेत की लाकडी फळीवर? कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या आहेत का? वरून पाल पडेल असं उघडं छप्पर आहे का? मिरचीला बुरशी आहे का, हे तर देठाजवळ नीट बघायचं. ओलसर मिरचीवर आणि शेंगदाण्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष यकृताला घातक असतं आणि घरी कढईत भाजून ते निघून जात नाही. म्हणून बुरशीची मिरची "भाजून घेऊ, कळणार नाही" म्हणून डंकावर न्यायची नाही. नियमाप्रमाणे मिरची पुडीत ओलावा ११ टक्क्यांपेक्षा आणि हळद पुडीत १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. आपल्याकडे यंत्र नसतं, पण चांगली वाळलेली मिरची मुठीत दाबली की कडकन मोडते आणि हलवली की बी वाजतं. ती लवचिक लागली तर अजून ऊन द्या.

रंग आणि तेल. मिरची आणि हळद पुडीत कोणताही रंग टाकायला परवानगी नाही, खाण्याचा रंगसुद्धा नाही. मिरची पुडीत खाद्यतेल चालतं, पण वजनाच्या २ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे किलोला २० ग्रॅम. कोणतं तेल आणि किती, हे लेबलवर लिहावं लागतं. आणखी एक, दळलेला मसाला सुटा विकायचा नाही, पॅकबंदच विकायचा.

माणसं. केसांना टोपी, अंगात स्वच्छ ॲप्रन, नखं कापलेली, हातात अंगठी-बांगड्या नाहीत. बांगड्यांवरून आपल्याकडे नाराजी होते, मला ठाऊक आहे. पण बांगडीत पीठ अडकतं, काच फुटली तर तुकडा थेट मालात जातो. जुलाब, ताप किंवा कावीळ असलेल्या ताईला त्या दिवशी पदार्थाला हात लावू द्यायचा नाही. तिची मजुरी बुडेल म्हणून ती आजार लपवते. अशा दिवशी तिला हिशेबाचं किंवा दुसरं काही काम देता येईल का, हे गटाने आधीच ठरवून ठेवावं.

तळण. फराळाच्या आणि भज्यांच्या गटांसाठी हे खास. तळून तळून तेल खराब होतं. त्यातल्या खराब घटकांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून २५ टक्के ठरवली आहे. तेल काळपट, चिकट झालं, फेस येऊ लागला किंवा लवकर धूर निघू लागला की ते बाद समजा. त्यात नवीन तेल ओतून चालवू नका. आणि गरम भजी वर्तमानपत्रात बांधून देऊ नका, छपाईची शाई तेलात उतरते.

लेबलमध्ये घोळ नको

माल चांगला असूनही गट अडचणीत येतो तो बरेचदा लेबलमुळे. पाकिटावर एवढं असायला हवं: पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त असलेला आधी, कमी असलेला नंतर), निव्वळ वजन, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, गटाचं नाव व पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह व १४ अंकी क्रमांक, शाकाहारी असेल तर हिरव्या चौकटीत हिरवा गोल ठिपका, आणि किंमत. आपल्या पदार्थाला पोषणमूल्यांचा तक्ता लागतो का, हे छापण्याआधी विचारून घ्या.

एक गोष्ट पुष्कळ गटांना माहीत नसते. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असणं बंधनकारक आहे. मराठी जोडीला जरूर छापा, पण फक्त मराठी लेबल नियमात बसत नाही. हजार पाकिटं छापून आणण्याआधी एवढं तपासा. दुसऱ्या गटाचा क्रमांक आपल्या पाकिटावर छापणं तर अजिबात नको.

नमुना घेतला तर

संशय आला किंवा नेहमीच्या तपासणीचा भाग म्हणून अधिकारी नमुना घेऊ शकतात. नमुना घेतला म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. त्याची पद्धत ठरलेली आहे, ती लक्षात ठेवा.

पहिलं, नमुना तपासणीसाठी घेत आहोत अशी लेखी नोटीस ते देतात. ती वाचून घ्या आणि प्रत ठेवा.

दुसरं, नमुन्याचे पैसे त्यांनी द्यायचे असतात, आपण ग्राहकाला विकतो त्याच भावाने. "राहू द्या साहेब" म्हणू नका. पैसे घ्या आणि पावती करा.

तिसरं, साक्षीदार बोलावला जातो.

चौथं, नमुन्याचे चार सारखे भाग करून ते आपल्यासमोर सील होतात. वेष्टनावर आपली सही किंवा अंगठा घेतात, म्हणजे मध्ये कुणी पाकीट उघडलं तर कळतं. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांकडे राहतात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून हवा असेल तर तशी मागणी आपण त्याच वेळी करायची. त्याचा खर्च आपल्याला करावा लागतो.

विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल आपल्या विरुद्ध गेला आणि तो पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. म्हणून आलेला लिफाफा न फोडता देव्हाऱ्यामागे ठेवून देऊ नका. तारीख टाका आणि लगेच ग्रामसंघात आणा.

कोऱ्या कागदावर सही करायची नाही. तपासणीत काय लिहिलं ते वाचून दाखवा म्हणायचं. आणि कुणी "मिटवून टाकू" म्हणून पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. विनाकारण त्रास देण्यासाठी माल जप्त करणाऱ्या अधिकाऱ्यालाही याच कायद्यात दंडाची तरतूद आहे. मात्र खोटी तक्रार करणाऱ्यालाही दंड आहे, त्यामुळे जे घडलं तेवढंच लिहायचं.

दोष निघालाच तर?

अहवालात तीन शब्द येऊ शकतात. 'मिथ्याछाप' म्हणजे लेबल चुकीचं किंवा फसवं. 'कमी दर्जाचे' म्हणजे पदार्थ ठरलेल्या मानकात बसत नाही, पण खाल्ल्याने धोका आहे असं नाही. या दोन्हींत दंड होतो. तिसरा शब्द 'असुरक्षित', तो सगळ्यात गंभीर. त्यात कोर्टात खटला चालतो, आणि असुरक्षित अन्नाने कुणाचा जीव गेला तर कमीत कमी ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

स्वच्छतेत किंवा व्यवस्थेत उणीव दिसली तर बरेचदा आधी सुधारणा नोटीस मिळते. काय चुकलं, काय करायचं आणि किती दिवसांत, हे तिच्यात लिहिलेलं असतं. मुदत किमान १४ दिवसांची असते. ही नोटीस म्हणजे कामाची यादी समजा. जाळी बसवा, फळ्या आणा, फोटो काढा आणि पूर्ण केल्याचं लेखी कळवा. दुर्लक्ष केलं तर मात्र नोंदणी आधी स्थगित आणि मग रद्द होऊ शकते.

आपणही ग्राहक आहोत

हा कायदा आपल्या पोरांच्या ताटासाठीही आहे. बाजारातून आणलेलं दूध, तेल किंवा खवा संशयास्पद वाटला तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करता येते. फी भरून कोणताही ग्राहक स्वतः विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. बिल मात्र जपून ठेवा.

आणि गटातल्या मुलींना हे जरूर सांगा. अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, कृषी किंवा पशुवैद्यक या विषयांत पदवी घेतलेली मुलगी राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून अन्न सुरक्षा अधिकारी होऊ शकते. मिरची चांगली वाळली की नाही हे लहानपणापासून हाताने ओळखणारी मुलगी या खात्यात गेली तर उत्तमच!

बैठकीत करायचं काम

१. दोघी ताई 'अधिकारी' व्हा आणि आपल्या कामाच्या जागेची दारापासून पाकिटापर्यंत तपासणी करा. दिसलेल्या उणिवा वहीत लिहा. कुणाचं नाव घेऊन नाही, फक्त गोष्ट लिहा.

२. प्रत्येक उणिवेसमोर जबाबदार ताईचं नाव आणि तारीख टाका.

३. एक फाइल तयार करा: नोंदणी, पाण्याचा अहवाल, कच्च्या मालाची बिलं, बॅचची नोंद.

४. आपल्या पाकिटाचं लेबल वरच्या यादीशी ताडून बघा.

५. अधिकारी आल्यावर कोण बोलणार आणि कागद कोण दाखवणार, हे ठरवा. ती हजर नसेल तर दुसरी कोण, हेही ठरवा.

पुढच्या बैठकीला मी येईन तेव्हा ही वही घेऊन बसू. उणिवा जास्त निघाल्या तरी लाजू नका. आपल्याला आधी दिसल्या की आपणच त्या दुरुस्त करू शकतो.

तुमची,
क्षेत्र समन्वयक