पिशवी बांधणारा आणि पिशवी वाहणारा



गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या सभागृहात हिमोग्लोबिन तपासणीचे शिबिर झाले. शिबिर छान पार पडले, छायाचित्रे निघाली, आभारप्रदर्शनही झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह झाडताना आपल्या सेविकाताईंनी टोपलीतला कचरा हाताने दाबला आणि त्यांच्या तळहातात सुई घुसली. बोट टोचण्याच्या सुया कापसाच्या बोळ्यांबरोबर त्याच टोपलीत पडल्या होत्या. ताईंनी हात पदराला पुसला आणि दोन दिवस कुणाला काहीच सांगितले नाही. पुढे सर्व तपासण्या झाल्या व सुदैवाने काही निघाले नाही. परंतु चूक आमची होती. शिबिराची तयारी करताना आम्ही पाहुण्यांच्या खुर्च्या मोजल्या. या सुया कोण उचलणार आणि ते काम त्यांना कुणी शिकवले आहे, हे मात्र विचारले नाही. म्हणून या अंकात हा पाठ.

नियम कोणाला लागू?

दवाखाने, रुग्णालये, रक्तपेढ्या, प्रयोगशाळा यांतून निघणाऱ्या अशा कचऱ्याला 'जैववैद्यकीय कचरा' म्हणतात. त्यासाठी भारतात पहिले नियम 1998 साली आले. 28 मार्च 2016 रोजी त्यांच्या जागी नवे नियम लागू झाले. या नियमांत लसीकरण शिबिरे, रक्तदान शिबिरे, एवढेच नव्हे तर शाळांच्या प्रथमोपचार खोल्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हा विषय केवळ मोठ्या रुग्णालयांचा नाही, आपलाही आहे.

रंगांची भाषा

कचरा जिथे तयार होतो तिथेच तो चार रंगांत वेगळा करायचा असतो.

पिवळा : रक्ताने माखलेला कापूस व पट्ट्या, शरीराचे अवयव, मुदत संपलेली औषधे.
लाल : सलाइनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज, म्हणजे दूषित प्लास्टिक.
पांढरा : सुया, ब्लेड व इतर धारदार वस्तू. यासाठी पिशवी चालत नाही, टोचून आरपार न जाणारा डबाच लागतो.
निळा : काचेच्या बाटल्या व शरीरात बसवलेले धातूचे भाग.

हा कचरा गाडीतून सामायिक प्रक्रिया केंद्राकडे जातो. अवयव, रक्ताने माखलेला कापूस असा कचरा प्रक्रिया न करता 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. गाडी उशिरा आली तर धोका वाढतो.

वाहणाऱ्याला काय शिकवायचे?

कामावर रुजू होताना प्रशिक्षण आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा पुन्हा प्रशिक्षण, असे नियमात आहे. हे बंधन रुग्णालयावर आहे, तसेच प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्यावरही आहे. किती जणांना शिकवले आणि किती जण राहिले, हे वार्षिक अहवालात लिहावे लागते. त्याबरोबरच दरवर्षी आरोग्यतपासणी आणि हिपॅटायटिस बी व धनुर्वात यांवरील लसीही द्यायच्या असतात.

प्रशिक्षणात मुख्यतः पुढील गोष्टी येतात. पिशवी गळ्याशी धरून उचलावी, अंगाला टेकवू नये, दाबू नये, उघडू तर मुळीच नये. बारकोड नसलेली वा फाटलेली पिशवी तशीच गाडीत टाकू नये. हा कचरा इतर कचऱ्यात मिसळू नये आणि ती गाडी दुसऱ्या कामाला वापरू नये. वाटेत काही सांडले तर प्रथम माणसांना दूर ठेवून, हातमोजे व जाड बूट घालून, जंतुनाशक द्रावण वापरून ते उचलावे. गाडी उलटली तर नियमाप्रमाणे तो मोठा अपघात ठरतो. त्याची सूचना ताबडतोब आणि लेखी अहवाल 24 तासांत द्यावा लागतो.

सुई टोचली तर जागा साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, पिळू नये, बोट तोंडात घालू नये आणि त्याच वेळी वरिष्ठांना सांगून डॉक्टर गाठावेत. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. आपल्या ताईंचे दोन दिवसांचे मौन किती महाग पडले असते, हे आता ध्यानात येईल.

एवढी काळजी का?

हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचल्यास 100 पैकी 6 ते 30 वेळा हा रोग होऊ शकतो. लस घेतलेल्याला जवळजवळ पूर्ण संरक्षण मिळते. 2009 साली आपल्या गुजरातेतच मोडासा भागात या रोगाची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. प्रत्येक पिशवीची नोंद, बारकोड, गाडीवरचा जीपीएस हा कागदी सोपस्कार वाटतो, पण पिशवी मध्येच नाहीशी होऊ नये म्हणूनच तो आहे.

आपण काय करायचे?

पिशवी वाहणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही. त्याला दिसतो फक्त रंग. रंग चुकला तर त्याचे सारे प्रशिक्षण वाया जाते. म्हणून वाहणाऱ्याचे शिक्षण बांधणाऱ्यापासून सुरू होते.

यापुढे शाळेत कोणतेही शिबिर ठरवताना सुयांचा डबा आणि तो नेणारी अधिकृत गाडी निश्चित झाल्याशिवाय तारीख जाहीर करायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. सेवकवर्गाचे प्रशिक्षण व लसीकरण यांसाठी विश्वस्तांनी तरतूद करावी, अशी आमची विनंती आहे. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा इन्सुलिन घेतात त्यांनी सुया घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात जमवाव्यात, वर 'सुया' असे लिहावे आणि घंटागाडीवाल्या दादांना तसे सांगून तो डबा वेगळा द्यावा.

घरी करून पाहा

1. सुई काढलेली सिरिंज, फुटलेली औषधाची बाटली आणि रक्त लागलेला कापूस यांचे रंग सांगा.
2. आपल्या घरातला कचरा कोण उचलतो? त्यांचे नाव विचारून वहीत लिहा.