बंद पडलेली मारुती डॉलीवरून नेताना

आमचे कितीतरी बांधव मोटार गॅरेजच्या धंद्यात आहेत. त्यांतील ज्येष्ठांचा हात अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाटवर बसला. त्या गाड्यांची ताकद मागच्या चाकांत. १९८३ साली मारुती ८०० आली आणि ताकद पुढच्या चाकांत गेली. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी आजच्या बहुतेक लहान गाड्या त्याच रचनेच्या आहेत. गाडी ओढून नेण्याची रीत मात्र अनेकांनी बदललेली नाही, म्हणून हा धडा.

डॉली म्हणजे दोन चाकांचा ठेंगणा गाडा. तो जीपमागे जोडावा, बिघडलेल्या गाडीची पुढची चाके त्यावर चढवावीत व मागची रस्त्यावर फिरू द्यावीत. अशाने मारुतीचा गिअरबॉक्स व एक्सल स्वस्थ राहतात. तीच गाडी मागून उचलली तर ते विनाकारण फिरतात. ऑटोमॅटिकमध्ये तर इंजिन बंद असताना तेलाचा पंप चालत नाही आणि आतले भाग जळू शकतात. ओम्नी त्याच कंपनीची, पण तिची ताकद मागे. तिला मागून उचलावे, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट सोडवावा. तेव्हा नुसते कंपनीचे नाव पाहू नये, खाली वाकून पाहावे.

लहान गाडीची खरी अडचण पट्ट्यांची. मारुती ८०० चे चाक १२ इंची. मोठ्या टायरसाठी केलेला पट्टा त्यावर कितीही आवळला तरी सैल राहतो. मापाचाच पट्टा घ्यावा, दोरीने काम भागवू नये. साखळी एक्सलपाशी अडकवण्याची सवय तर फारच वाईट. रबरी बूट फाटतो, ग्रीस गळते आणि काही दिवसांनी वळणावर जॉइंट कटकट वाजू लागतो. (मग तेच गिऱ्हाईक दुरुस्तीला आपल्याकडे येते, ही कमाई कसली?) किलोमीटर-दोन किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. डॉलीला फिरती पाटी असेल तर सहसा स्टिअरिंग सरळ करून लॉक करतात, नसेल तर मोकळे ठेवतात. डॉली बनवणाऱ्याची सूचना पाहावी. गाडी चढवलेली असताना मागे घेऊ नये, डॉली आडवी होते.

आता हँडब्रेक. मारुतीत तो मागच्या चाकांवर असतो. आमच्या पाहण्यातील एका कारागिराने तो न सोडताच गाडी ओढली. मागचे दोन्ही टायर एका जागी घासून सपाट झाले. मालक भरपाई मागू लागला. कारागीर म्हणे, ‘गाडी मुळात बंदच होती.’

अशा प्रसंगी फिकह काय सांगते? इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते कारागिराच्या हातची वस्तू अमानत होय, त्याच्या कसुरीविना ती गेली तर भरपाई नाही. इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) यांनी टाळता येण्याजोगे नुकसानही त्याच्यावर टाकले. पण कारागिराच्या स्वतःच्या कामाने जे बिघडले ते त्याने भरावे, यात तिघांचे एकमत आहे. हँडब्रेकची चूक याच प्रकारातली. त्या बांधवाने अखेर दोन टायर घेऊन दिले.

उजरतीचेही तसेच. रात्री रस्त्यात अडकलेला माणूस घासाघीस करू शकत नाही. इजाऱ्यात काम व उजरत दोन्ही आधी ठाऊक असावी लागतात. म्हणून पट्टा हाती घेण्यापूर्वीच रक्कम सांगावी, टोल कोण देणार तेही ठरवावे, आणि मालकासोबत गाडीभोवती फिरून आधीचे ओरखडे कागदावर लिहून त्याची सही घ्यावी.