पांढऱ्या शेपटीचे हरीण आणि टेक्सासचे हवामान

धोका जाणवताच शेपटी उभारून तिची पांढरी बाजू दाखवणारे हरीण उत्तर अमेरिकेच्या फार मोठ्या भागात आढळते. त्याची सर्वाधिक संख्या टेक्सास राज्यात आहे. तेथील बहुतेक जमीन खासगी असल्याने ही हरणे प्रामुख्याने रँचवर, म्हणजे गुरांसाठी राखलेल्या विस्तीर्ण कुरणांवर राहतात. शिकारीचा हक्क भाड्याने देऊन रँचमालक उत्पन्न मिळवतात. त्यामुळे हवा पालटली की हरीण काय करील, हा तेथे पोटापाण्याचा प्रश्न आहे.

थंडीची लाट आली की हरणे बाहेर पडतात, अशी शिकाऱ्यांची समजूत आहे. तीत तथ्य आहे, परंतु थोडेच. हरणांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून घेतलेल्या नोंदींवरून असे दिसते, की पहाट आणि तिन्हीसांजा याच त्यांच्या फिरण्याच्या मुख्य वेळा होत. वारा व वायुभार यांमुळे हा क्रम फारसा बदलत नाही. मात्र हिवाळ्याची दाट लव आल्यावर ऊन तापले, तर हरणे दिवसा मेस्किटच्या सावलीत बसतात व रात्री चरतात. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचीच बहीण.

माजाचा काळही थंडीने ठरत नाही, तो दिवसाच्या लांबीने ठरतो. दक्षिण टेक्सासमध्ये माज डिसेंबरात येतो. गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा असल्याने पाडसे जुलैच्या सुमारास जन्मतात. डिसेंबर उबदार गेला तर माज लांबला असे वाटते. वस्तुतः तो रात्रीच्या अंधारात चालू असतो.

मग हवामानाची खरी सत्ता कशात आहे? पावसात! पावसाने उगवणाऱ्या कोवळ्या रानवनस्पतींवर मादीचे दूध आणि नराची दरवर्षी गळून नव्याने येणारी शिंगे अवलंबून असतात. २०११ सालासारखा भीषण दुष्काळ पडला, की शिंगे खुजी राहतात, पाडसे दगावतात आणि हरणांना फड्या निवडुंगावर भूक भागवावी लागते.

कडाक्याच्या थंडीला मात्र हे हरीण तोंड देऊ शकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मध्य टेक्सासात पारा उणे १० अंशांखाली गेला. तेव्हा विसाव्या शतकात तेथे नेऊन सोडलेल्या भारतीय वंशाच्या चितळ व काळविटांपैकी कितीतरी मेली. पांढऱ्या शेपटीची हरणे बहुतांशी तगली. दाट लव आणि शरद ऋतूत साठवलेली चरबी त्यांच्या उपयोगी पडली. उष्ण प्रदेशातून आलेल्या पाहुण्यांजवळ ही शिदोरी नव्हती.

सारांश, रोजच्या हवेने हरीण दिसण्याची वेळ बदलते, तर पावसाने त्याचे जगणे ठरते. अनेक रँचभोवती आठ फूट उंच कुंपण असते. अवर्षणात हरणांना दुसरीकडे जाण्याची वाटच उरत नाही. पाऊस मालकाच्या हाती नाही, पण कुरणाला पेलेल इतकीच हरणे राखणे त्याच्या हाती आहे. ज्याने कुंपण घातले, त्याच्यावर ही जबाबदारी आपोआपच येते.